पगार वाढला, पण आईचं डायलिसिस कोणाच्या कार्डावर?

जानेवारी २०२५. भोसरी एमआयडीसीतल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला असलेला, औसा तालुक्यातून पुण्यात येऊन स्थिरावलेला चौतिशीचा माणूस. चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर त्याच्या हातात पडलं: वर्षाला ३ लाख ८४ हजार, म्हणजे महिना ३२ हजार. सध्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, २०,४००. घरात बायको, पहिलीतली मुलगी आणि ६१ वर्षांची आई. आईच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ते सगळं ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, कार्डावर.

कारखान्यांची पगारपत्रकं आणि पीएफ-ईएसआयचे भरणे सांभाळणाऱ्या एका सल्लागाराच्या ऑफिसात मी बसतो, म्हणून हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

तो आला होता पीएफ ट्रान्सफर कसा करायचा हे विचारायला. ईएसआयचा विषय त्याने काढलाच नाही. नव्या कंपनीने 'तीन लाखांचा मेडिक्लेम' असं लिहून दिलं होतं, त्यामुळे दवाखान्याचा प्रश्न त्याच्या मनात मिटला होता. गावाकडे आणि सासुरवाडीला 'विसाचे बत्तीस झाले' ही बातमी पोचली होती, पेढेही वाटून झाले होते. अशा वेळी कोणाचा उत्साह घालवणं जिवावर येतं. पण आईच्या डायलिसिसचं त्याच्या तोंडून सहज निघालं आणि मी लेटर परत मागून घेतलं.

बत्तीस हजार कुठे जातात

चाकणच्या लेटरमधले ३२,००० असे फोडले होते: बेसिक १६,०००, घरभाडे भत्ता ६,४००, प्रवास भत्ता १,६००, स्पेशल अलाउन्स ३,५००. इथवर ग्रॉस झाला २७,५००. उरलेले ४,५०० म्हणजे कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद ७७०, मेडिक्लेमचा हप्ता ४३० आणि 'व्हेरिएबल' १,५००. हे व्हेरिएबल वर्षअखेर मिळणार, आणि दिवाळीचा कायदेशीर बोनसही त्यातच धरलेला.

२७,५०० मधून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की राहतात २५,५००. बसचे ९०० आणि कॅन्टीनचे ५०० पगारातून कापणार. हातात २४,१००.

भोसरीत २०,४०० मधून पीएफ १,६८०, ईएसआय १५३, व्यवसाय कर २०० जाऊन १८,३६७ हातात येत होते. बस फुकट, कॅन्टीन नाममात्र. म्हणजे फरक पाच हजार सातशेच्या घरात. बारा हजारांचे पावणेसहा झाले, तरी वाईट नाही.

पण भोसरीत तो कामगार वर्गात होता आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळत होता, सरासरी महिना अडीच हजार. चाकणला हुद्दा 'ज्युनियर इंजिनियर', म्हणजे स्टाफ. स्टाफला ओटी नाही, पण थांबावं लागतंच. ते वजा केल्यावर खरा फरक उरला साधारण ३,२०० रुपये. पोरांना मी नेहमी सांगतो की हुद्द्याच्या नावावर भुलू नका, स्टाफ झालात की घड्याळ कंपनीचं होतं. कोणी ऐकत नाही, आणि त्यांचंही चूक नाही. गावात मुलीचा बाप 'ओटी किती' असं विचारत नाही.

पीएफचं फारसं काही नव्हतं. दोन्हीकडे जवळपास सारखाच भरणा होता. तो काढून न घेता ट्रान्सफर करायचा, म्हणजे नोकरीची वर्षं सलग धरली जातात आणि पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांतही ती मोजली जातात, एवढंच सांगून पुढे गेलो.

ग्रॅच्युइटी मात्र बोचणारी होती. भोसरीत त्याची सव्वाचार वर्षं झाली होती. पाच पुरी झाली असती तर बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १४,००० धरून १४,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५, म्हणजे ४०,३८५ रुपये मिळाले असते. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी हक्क लागतो असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे, पण त्याचे तेवढेही भरले नव्हते. ऑक्टोबरपर्यंत थांबायचं तर दरमहा ३,२०० च्या हिशेबाने आठ महिन्यांत पंचवीस-सव्वीस हजारांची वाढ सोडायची आणि चाळीस हजार घ्यायचे. निव्वळ पैशात थांबणं फायद्याचं होतं. पण चाकणची कंपनी ऑक्टोबरपर्यंत थांबणार नव्हती.

८१६ रुपयांचा विमा

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. याच्या बाबतीत त्याचे १५३ आणि कंपनीचे ६६३, मिळून महिना ८१६ रुपये. त्यात बायको, मुलगी आणि आई. आईवडिलांचं सगळ्या मार्गांनी मिळून उत्पन्न महिना ९,००० च्या आत असलं की ते कुटुंबात धरले जातात. आधीचा आजार, खोलीभाड्याची मर्यादा ही भानगड नाही. शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख मिळतात. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली तेव्हा तीन आठवडे त्याचं घर त्यावरच चाललं होतं.

ईएसआयच्या दवाखान्याबद्दल कोणी कौतुकाने बोलताना मी ऐकलेलं नाही. रांगा, 'औषध नाही, बाहेरून आणा', दुसऱ्या रुग्णालयात पाठवणाऱ्या रेफरलच्या कागदासाठी सकाळ घालवणं, सगळं खरं आहे. पण कागद एकदा झाला की ईएसआयशी करार असलेल्या टाय-अप रुग्णालयात आईला आठवड्यातून तीनदा मशीनवर घेत होते आणि खिशातून एक रुपया जात नव्हता. भोसरीच्या पगाराच्या पावतीवर यातलं दिसतं ते फक्त '१५३ कपात'. चाकणच्या लेटरमध्ये तर ईएसआयचं नावच नाही. जे जाणार होतं ते दोन्ही कागदांवर नव्हतं.

जाणार होतं कारण ईएसआयला वेतनाची मर्यादा आहे: महिना २१,०००. ती १ जानेवारी २०१७ पासून आहे, त्याआधी १५,००० होती. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत, म्हणून २३-२४ हजार घरी नेणारे कामगारही कार्डधारक असतात. पण ओव्हरटाइम सोडूनच वेतन २७,५०० असेल तर नव्या जागी पहिल्या दिवसापासून कार्ड नाही.

तीन लाख म्हणजे कोणाचे

मेडिक्लेमची पॉलिसी मागवा म्हटलं तर एचआरने एका पानाचं माहितीपत्रक पाठवलं. तीन लाख होते कर्मचारी, पती किंवा पत्नी आणि दोन मुलांसाठी. आईवडील नाहीत. त्यांना हवं तर स्वखर्चाने जोडायचं: दोन लाखांचं संरक्षण, एका व्यक्तीचा वर्षाचा हप्ता १४,०००, प्रत्येक बिलातले २० टक्के आपण भरायचे. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून ग्राह्य, आणि ग्रुप पॉलिसीची ही खरी मोठी गोष्ट. मात्र आईवडिलांना जोडण्याची सोय 'कन्फर्मेशननंतर', म्हणजे सहा महिन्यांनी.

आता आकडे मांडले. जवळच्या खाजगी केंद्राने एका डायलिसिसचे १,६०० सांगितले होते. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६. संपूर्ण खर्च खिशातून केला तर महिना २०,८००. नवा पगार आईच्या मशीनवरच संपतो.

पॉलिसी घेतली तर विमा कंपनी प्रत्येक वेळेचे १,२८० देणार आणि हा ३२० भरणार. १५६ वेळांचे याचे ४९,९२०, वर हप्ता १४,०००. एकूण ६३,९२०, म्हणजे महिना ५,३०० च्या वर. वाढ किती होती? ३,२००. आणि विमा कंपनीच्या बाजूने पाहिलं तर १५६ गुणिले १,२८० म्हणजे १,९९,६८०. दोन लाखांतले उरले ३२०. वर्षात एकदा फिस्चुला (डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) बंद पडला, न्यूमोनिया झाला, दोन दिवस आयसीयूत ठेवावं लागलं तर त्यासाठी विमा कंपनीकडे ३२० रुपये शिल्लक. रक्तवाढीची इंजेक्शनं आणि रिक्षाभाडं मी यात धरलेलंही नाही.

'दोन लाखांचं संरक्षण' ऐकायला भक्कम वाटतं. एखाद्या ऑपरेशनसाठी ते असतंही. दर आठवड्याला येणाऱ्या खर्चाला विमा रक्कम किती आहे हे पाहून काही कळत नाही, ती कितव्या महिन्यात संपते ते पाहावं लागतं. घरात जो आजार आहे त्याचं वर्षाचं बिल पॉलिसीवर ठेवून बघायचं. ज्यांच्या घरी सगळे धडधाकट आहेत त्यांनी तीन लाख आणि पाच लाखांची तुलना खुशाल करावी.

इथे तो म्हणाला, "मग राहू दे साहेब, आहे तिथंच बरं आहे."

थांबलं तरी रेघ ओलांडणारच होती

हे उत्तर सोपं होतं, पण टिकणारं नव्हतं. भोसरीत दर १ एप्रिलला पगारवाढ होते. गेल्या वर्षी ९०० मिळाले होते. यंदाही तेवढेच मिळाले तर ग्रॉस २१,३००. ईएसआय तिथेही बंद.

ईएसआयचं वर्ष दोन भागांत असतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. भाग सुरू झाल्यावर मध्येच वेतन २१,००० च्या वर गेलं तर तो भाग संपेपर्यंत संरक्षण राहतं. पण वाढ १ एप्रिललाच लागू झाली तर भागाच्या सुरुवातीलाच माणूस बाहेर. म्हणजे थांबून त्याला काय मिळणार होतं? हातात जेमतेम हजार जास्त, आणि कार्ड गेलेलंच. ही रेघ थोडक्यात ओलांडणं सगळ्यात महाग पडतं. २१,३०० वाला माणूस २०,९०० वाल्यापेक्षा गरीब असतो, घरात पेशंट असेल तर फारच. म्हणूनच भोसरीत पगारवाढीच्या वेळी 'एकवीसच्या आत ठेवा' म्हणून मालकाला विनवणारे कामगार मी पाहतो. बाहेरच्या माणसाला ते वेडेपण वाटतं.

तेव्हा प्रश्न 'जायचं की थांबायचं' असा राहिलाच नाही. कार्ड जाणार हे ठरलेलं होतं. जायचंच तर ९०० रुपयांसाठी की ७,१०० रुपयांसाठी, एवढंच ठरवायचं होतं.

कार्ड त्याच दिवशी मरत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. एका भागात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की तिचा लाभ नंतरच्या ठरलेल्या सहा महिन्यांत मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढचं जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. फेब्रुवारीअखेर नोकरी सोडली तरी कायद्याने वैद्यकीय लाभाचा हक्क ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत राहत होता. बायको आणि मुलीसाठी तेवढं पुरेसं होतं. टाय-अप रुग्णालयातल्या उपचारांची पात्रता मात्र वेगळी तपासली जाते. जिचं आयुष्य सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या मशीनवर आहे, तिला खिडकीवरच्या वादावर सोडता येत नाही.

धाकट्याचं कार्ड

दोन वाटा निघाल्या आणि दोन्ही त्याच्या घरातूनच निघाल्या.

पहिली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू झाली, पांढऱ्या कार्डालाही, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. डायलिसिस त्यात बसतं. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डही मिळतं, पण आई ६१ ची. अडचण रेशनकार्डाची वाटत होती. लग्नानंतर याने पुण्यात वेगळं कार्ड काढलं होतं, आईचं नाव गावच्या कार्डावर, धाकट्या भावाबरोबर. पण योजना राज्यभराची असल्याने औशाचं कार्ड पुण्याच्या रुग्णालयात चालतं. योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटून त्याने कागद दाखवले, ते चालण्यासारखे निघाले. मशीनची पाळी मिळायला मात्र वेळ लागेल असं ऐकायला मिळालं. ज्या रुग्णालयात योजना आहे तिथे रिकामं मशीनही असेल असं नाही.

दुसरी वाट म्हणजे तो धाकटा भाऊ. तोही भोसरीतच, एका वर्कशॉपमध्ये, ग्रॉस १७,५००, तीन वर्षांपासून ईएसआयचा कार्डधारक, दिघीत भाड्याने राहणारा. आई त्याचीही आई. तिला काही उत्पन्न नाही. तिचं नाव मोठ्याच्या कार्डावरून कमी करून धाकट्याच्या कुटुंबात घेता येतं आणि ते सरळ कायद्यात बसतं, यात पळवाट काही नाही.

कागदाचं काम चार दिवसांचं, घरातलं जास्त दिवसांचं. 'आई कोणाच्या कार्डावर' याचा अर्थ आपल्याकडे लगेच 'आई कोणाकडे' असा घेतला जातो. धाकट्याच्या बायकोला वाटलं, दादांचा पगार वाढला आणि सासूबाई आमच्या गळ्यात घातल्या. ती चुकीची होती असं मला वाटत नाही. रेफरलचा कागद आणायला कार्डधारकाच्या घरातूनच कोणीतरी जाणार, म्हणजे अर्धा दिवस तिचाच किंवा नवऱ्याचा. शेवटी ठरलं ते असं: आई राहणार मोठ्याकडेच, बाहेरची औषधं आणि रिक्षा मोठ्याची, आणि दर महिन्याला दोन हजार धाकट्याच्या घरात. मोठ्याची खरी वाढ त्यामुळे बाराशेवर आली. हे बाराशे ऐकून तो हसला, पण पुढच्या वाढी कुठे मिळतील हे त्याला दिसत होतं. भोसरीत तो वीस-एकवीसच्या आसपास अडकला होता.

चाकणला त्याने तीन गोष्टी विचारल्या. व्हेरिएबल फिक्समध्ये घाला: नाही. रुजू होण्याची तारीख १ मार्च करा: हो. आईला कन्फर्मेशनची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून पॉलिसीत घेता येईल का: एचआरने विचारून सांगतो म्हटलं आणि दोन दिवसांनी 'हो' असा ईमेल आला. हे शेवटचं लोक मागतच नाहीत. पगार वाढवून द्यायला मंजुरी लागते, विम्यातलं एखादं कलम सैल करायला बऱ्याचदा एक फोन पुरतो.

तो ईमेल हातात असूनही त्याने आईसाठी पॉलिसी घेतली नाही. १४,००० त्याला जड वाटले. माझं मत वेगळं होतं. पहिल्या वर्षी ते भरायला हवे होते. डायलिसिस धाकट्याच्या कार्डावर चालू असताना हे दोन लाख अडीअडचणीला पूर्ण मोकळे राहिले असते, आणि जोडायची वेळ एकदा हुकली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत दार बंद. त्याने ऐकून घेतलं आणि तो हप्ता मुलीच्या शाळेच्या फीला वळवला. घर त्याचं आहे.

आईचं नाव फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्याच्या कार्डावर चढलं, नवा रेफरल झाला, आणि मगच याने राजीनाम्याची तारीख पक्की केली. हा क्रम मी हट्टाने धरला होता.

नोव्हेंबरनंतर

२१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले चार नवे कायदे, लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता अशा काही रकमा वेतनातून वगळायच्या, पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्या तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. त्याची पावती या व्याख्येवर ठेवून पाहिली. २७,५०० मधून घरभाडे ६,४०० आणि प्रवास १,६०० वगळले तर राहतात १९,५००. व्याख्या शब्दशः लावली तर तो २१,००० च्या आत येतो, म्हणजे पुन्हा ईएसआयच्या हद्दीत. तेच १,६०० स्पेशल अलाउन्समध्ये टाकलेले असते तर आकडा २१,१०० झाला असता आणि तो बाहेर राहिला असता. पावतीवरच्या एका ओळीचं नाव काय आहे, यावर हे ठरतं. संहितेतल्या कुटुंबाच्या व्याख्येत महिला कर्मचाऱ्याचे सासूसासरेही आले आहेत, त्यामुळे पॅकिंगच्या कामाचा विचार करणाऱ्या त्याच्या बायकोचं कार्ड हीसुद्धा आता एक शक्यता आहे.

त्याला मी एक छोटा अर्ज मराठीत लिहून दिला, एचआरसाठी: 'नव्या व्याख्येप्रमाणे माझं वेतन किती धरलं जातं, त्यात कोणत्या रकमा वगळल्या आहेत, आणि त्यानुसार मी ईएसआयला पात्र आहे का, हे लेखी कळवावे.' धाकट्याचा ग्रॉस मध्यंतरी १८,२०० झाला आहे. तोच अर्ज नाव बदलून त्याच्यासाठीही ठेवला आहे.